डिझेलचं औषध : साठवण आणि माप
(शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



आज बी-बियाणं नाही, खत नाही, कीड-रोग नाही. आज बोलायचं आहे ते दारात उभ्या असलेल्या गाडीविषयी. पूर्वी गावात ट्रक असायचा तो एखाद्याच घरी. आता माल स्वतःच्या गाडीनं बाजारात न्यायचा म्हणून कुणी टेम्पो घेतो, कुणी दोघा भावांत मिळून सहा चाकी ट्रक घेतो. गाडी आली की डिझेलचं पिंप आलं, आणि पिंपाबरोबर हल्ली आणखी एक वस्तू घरात येते. ती म्हणजे डिझेलमध्ये घालायचं औषध. दुकानदार त्याला ॲडिटिव्ह म्हणतो. हे औषध ठेवावं कसं, मोजावं कसं, आणि मुळात घालावं की नाही, एवढंच आज सांगणार आहे.

सुरुवातीला एक झालेली गोष्ट सांगतो. जुन्नरकडचे एक बागायतदार आहेत. टोमॅटोचे क्रेट भरून गाडी रात्री वाशीच्या बाजाराला निघायची होती. पडवीत वीस-वीस लिटरचे दोन पांढरे कॅन शेजारी शेजारी होते. एकात डिझेल होतं, दुसऱ्यात नव्या गाड्यांना लागतं ते युरियाचं द्रव. दोन्हींवर काही लिहिलेलं नव्हतं. घाईची वेळ, लाईट गेलेली. पुतण्यानं नरसाळं लावलं आणि युरियाचं द्रव डिझेलच्या टाकीत ओतलं. गाडी पाच-सहा किलोमीटर गेली आणि गचके खाऊन बंद पडली. माल रस्त्यावर राहिला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी मातीमोल भावात गेला. ते एक झालं. पण पुढं पंप, इंजेक्टर, फिल्टर, सगळी नळी उतरवून जे बिल आलं, त्यात त्या हंगामातला टोमॅटोचा नफा गेला. पुतण्या चांगला शिकलेला मुलगा होता. दोष अक्कलेचा नव्हता, कोऱ्या कॅनचा होता.

तेव्हा पहिला घोटाळा इथंच मिटवू. युरियाचं द्रव हे डिझेलचं औषध नव्हे. देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचं मानक लागू झालं. त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी हे द्रव लागतं. त्याला डी.ई.एफ. असं म्हणतात. त्याची टाकी वेगळी असते, झाकण बहुधा निळं असतं. हे द्रव इंजिनात जातच नाही, ते सायलेन्सरच्या वाटेवर धुरात फवारलं जातं. त्यात शंभर भागांत साडेबत्तीस भाग शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असतं. म्हणजे डिझेलच्या टाकीत ते ओतणं आणि पाणी ओतणं यात फरक नाही, उलट त्यातले क्षाराचे खडे आणखी नुकसान करतात. निळ्या झाकणाचं तोंड मुद्दाम लहान केलेलं असतं, पंपावरची डिझेलची नळी त्यात बसू नये म्हणून. पण आपण घरी नरसाळं लावतो, आणि नरसाळ्यापुढं ही युक्ती चालत नाही.

चूक झालीच, तर एक ध्यानात ठेवा. चावी फिरवू नका. डिझेलच्या टाकीत युरियाद्रव गेलं असो, की युरियाच्या टाकीत डिझेल गेलं असो, गाडी जागेवरच ठेवावी आणि मिस्त्रीला बोलावून टाकी रिकामी करून धुवून घ्यावी. चावी फिरवली नाही तर नुकसान टाकीपुरतं राहतं. चावी फिरवली की ते पंपापर्यंत आणि पुढं इंजेक्टरपर्यंत पोचतं.

काहीजण विचारतात, की साहेब, घरात युरियाची गोणी आहे, पाणी आहे, मग हे द्रव घरीच का करू नये? करू नये. शेतीच्या युरियात बाययुरेट नावाचा घटक दीड टक्क्यापर्यंत चालतो, पिकाला तेवढ्यानं काही होत नाही. गाडीच्या द्रवात तो ०.३ टक्क्याच्या पुढं चालत नाही. शिवाय २०१५ पासून आपला युरिया निंबोळी तेल लावून येतो. ते तेल, विहिरीच्या पाण्यातले क्षार, हे सगळं फवाऱ्याच्या बारीक तोंडात आणि पुढच्या जाळीत बसतं. ती जाळी बदलण्याचा खर्च ऐकाल तर गोणीकडं पुन्हा बघणार नाही. आणि अनुदानाचा युरिया शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरणं हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

डी.ई.एफ. किती लागतं? साधारण शंभर लिटर डिझेलमागं तीन ते पाच लिटर. तेव्हा वर्षाचा साठा करण्याची गरज नाही. पंचवीस अंशांच्या आत ते दीड वर्ष टिकतं, तीस अंशांत वर्षभर, आणि पस्तीस अंशांत जेमतेम सहा महिने. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा कुठं जातो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून एक-दोन बादल्याच आणाव्यात, त्याही सावलीत ठेवाव्यात. ते काढायला पितळेचा तोटीचा नळ, तांब्याचं भांडं, जस्ताची बादली किंवा साधं लोखंडी नरसाळं वापरू नये. हे द्रव या धातूंना खातं आणि तो धातू मग द्रवात उतरतो. स्वच्छ जाड प्लास्टिक चालतं. सांडलं तर पाण्यानं धुवावं, नाहीतर पांढरे खडे धरतात. उग्र वास येत असेल तर ते बिघडायला लागलं असं समजावं.

आता मूळ विषयाकडं वळू.

डिझेलमध्ये घालायचं औषध अनेक प्रकारचं मिळतं. कुणी म्हणतो नोझल साफ करतं, कुणी म्हणतो पेट चांगला घेतं, कुणी पाणी काढतं, कुणी डिझेलमधली बुरशी मारतं, कुणी थंडीत डिझेल गोठू देत नाही. आणि काही बाटल्यांवर लिहिलेलं असतं की गाडी लिटरमागं दीडपट पळेल. या शेवटच्या बाटलीला मी हातही लावणार नाही. दीडपट पळवण्याचं औषध खरोखर असतं, तर गाडी बनवणाऱ्यानंच ते आधी घातलं असतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. चालू पंपावरचं चांगलं डिझेल भरून जी गाडी आठवड्याला टाकी रिकामी करते, तिला बहुधा कसल्याही औषधाची गरज नाही. हल्लीच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त नसतं. पूर्वी, भारत स्टेज चारच्या वेळी, ते पन्नास भागांपर्यंत चालायचं. गंधक काढताना डिझेलची मूळची वंगणशक्ती कमी होते, हे खरं आहे. पण ती भरून काढणारं द्रव्य कारखान्यातच घातलेलं असतं. म्हणून 'नवं डिझेल कोरडं असतं, जुन्या गाडीचा पंप खाईल' असं कुणी सांगितलं तर घाबरून जाऊ नये. आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडावं. त्यात औषध घालू नका असं लिहिलं असेल आणि गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर बाटली दुकानातच राहू द्यावी. नंतर हमीचा दावा नाकारला गेला तर दुकानदार तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही.

मग औषध केव्हा उपयोगी पडतं? पिंपात डिझेल चार-सहा महिने पडून राहणार असेल तेव्हा. म्हणजे हंगाम संपला, गाडी उभी आहे, पंपसेटसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी घेतलेलं डिझेल उरलं आहे, अशा वेळी. दुसरं, पिंपात पाणी शिरून तळाशी काळपट, चिकट साय धरलेली दिसली तर. ही साय म्हणजे डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं वाढणारे जीवजंतू. त्यासाठीचं औषध मिळतं, पण आधी पाणी काढलं नाही तर औषध घालून काही दिवसांत साय पुन्हा येते. तिसरं म्हणजे आपला माल घेऊन गाडी जानेवारीत काश्मीरकडं किंवा हिमाचलकडं जाणार असेल तर. आपल्याकडच्या डिझेलमधलं मेण तिकडच्या थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी २०१९ साली इंडियन ऑइलनं खास हिवाळी डिझेल काढलं, ते उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहतं राहतं. वाटेतल्या गाडीनं थंडी लागायच्या आधीच औषध घालावं लागतं. एकदा मेण धरल्यावर बाटली ओतून काही उपयोग नाही.

पाणी काढणाऱ्या औषधाबद्दल एक सावधगिरी. त्यातली काही औषधं पाणी काढत नाहीत, ते बारीक करून डिझेलमध्ये मिसळतात. जुन्या इंजिनात ते जळून जात असे. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या पुढं असतो. ट्रकच्या टायरमध्ये हवा सात-आठ बार असते, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाखाली पाण्याचा थेंब इंजेक्टरच्या टोकाची झीज करतो. म्हणून नव्या गाडीत पाणी मिसळवायचं नाही, खालून काढून टाकायचं. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. तो आठवड्यातून एकदा सैल करून काचेच्या भांड्यात थोडं सोडावं. पाणी जड, ते खाली बसतं आणि डिझेल वर राहतं. डोळ्यांना दिसतं.

पाणी पिंपात येतं कुठून, असं पुष्कळजण विचारतात. पंपवाल्यावर आळ घेण्याआधी आपलं पिंप बघा. उभं पिंप अंगणात असतं. पावसाचं पाणी वरच्या पत्र्यावर कडेच्या आत साचतं, बूच त्या पाण्यात बुडलेलं असतं. दिवसा ऊन लागलं की आतलं डिझेल फुगतं आणि हवा बुचातून बाहेर जाते. रात्री गारवा आला की पिंप आत श्वास घेतं, आणि बुचाच्या आट्यांतून ते साचलेलं पाणी ओढून घेतं. बूच घट्ट आहे असं आपल्याला वाटतं, पण पिंप रोज रात्री घोटभर पितं. म्हणून पिंप छपराखाली ठेवावं. बाहेर ठेवावंच लागलं तर आडवं निजवावं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील अशी. म्हणजे बुचं आतून डिझेलखाली राहतात आणि हवा आत-बाहेर करत नाही. आडवं ठेवलं तर दोन्ही बाजूंना दगड लावा, गडगडलं तर पोराचा पाय जाईल. उभंच ठेवायचं असेल तर एका कडेखाली वीट द्या आणि बूच उतारावर येणार नाही असं फिरवा.

पिंप काठोकाठ भरू नये. दोनशे लिटर डिझेल पहाटेपेक्षा दुपारी वीस अंशांनी तापलं तर तीन लिटरांहून अधिक फुगतं. तेवढी जागा मोकळी असू द्यावी. पिंप जस्ताचं नको. डिझेल जस्ताशी आणि तांब्याशी पटवून घेत नाही, त्यातून चिकट साबणासारखा थर होतो आणि फिल्टर भरतो. साधं लोखंडी, आतून न गंजलेलं पिंप घ्यावं. कीटकनाशकाचं, किंवा ज्यात काय होतं ते माहीत नाही असं जुनं पिंप कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणं डिझेल एका ठिकाणी अडीच हजार लिटरांपर्यंत, आणि एका भांड्यात हजार लिटरांहून अधिक नाही, एवढं परवान्याशिवाय ठेवता येतं. एवढी मुभा आहे म्हणून एवढं ठेवावं असं नाही. दोन पिंपं पुष्कळ झाली. ती राहत्या घरापासून, कडब्याच्या गंजीपासून, चुलीपासून आणि धान्याच्या कोठीपासून लांब असावीत. शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवा. डिझेल पेटलं तर त्यावर पाणी टाकायचं नाही, पेटतं डिझेल पाण्यावर तरंगून आणखी पसरतं. वाळू टाकायची. आणि पिंपात पेट्रोल मिसळण्याचा प्रयोग कुणी करू नये. डिझेलची वाफ साध्या हवेत सहसा पेटत नाही, म्हणून आपण त्याच्याजवळ निर्धास्त असतो. थोडं पेट्रोल मिसळलं की तेच पिंप पेट्रोलच्या पिंपाइतकं धोक्याचं होतं.

आता औषधाची साठवण. मोठा पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो, आणि गाडीत तर पाच लिटर कुणी बाळगत नाही. म्हणून लोक त्यातून लहान बाटल्या भरतात. इथंच सगळ्यांत मोठा धोका आहे, आणि तो गाडीला नाही, घरातल्या माणसांना आहे.

थंड पेयाच्या बाटलीत, दारूच्या क्वार्टरमध्ये, पाण्याच्या बाटलीत, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत हे द्रव कधीही भरू नका. रंग सरबतासारखा असतो. तहानलेलं पोर बाटली तोंडाला लावतं. रॉकेलनं असे अपघात आपल्या खेड्यांत किती झाले ते तुम्ही पाहिलं-ऐकलं आहे, आणि हे औषध त्याच जातीचं. एखाद्या घोटानंच जीव धोक्यात येतो, कारण ते पोटापेक्षा फुप्फुसात अधिक घात करतं. म्हणून दैवयोगानं कुणी प्यालंच तर मीठ-पाणी देऊन ओकारी काढायची नाही. ओकारी होताना ते पुन्हा वर येऊन श्वासनळीत उतरतं. तोंडाबाहेरचं पुसून घ्यावं, तोंडानं काही देऊ नये, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठावा. आणि ती बाटली बरोबर न्यावी, म्हणजे आत काय होतं ते डॉक्टरांना कळेल. मूल बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नये. खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होते.

याच कारणासाठी डिझेलची नळी तोंडानं ओढणं बंद करा. मी स्वतः तरुणपणी ओढलेली आहे, म्हणून उपदेश करायचा अधिकार मला कमीच. पण एकदा श्वासाबरोबर आत गेलं की न्यूमोनियासारखा आजार होतो आणि माणूस आठवडे अंथरुणाला खिळतो. हातानं फिरवायचा पिंपाचा पंप एकदा घेतला की वर्षानुवर्षं टिकतो. त्याची नळी तळाला टेकवू नये, चार बोटं वर ठेवावी, म्हणजे खाली बसलेलं पाणी आणि गाळ ओढला जाणार नाही. पंपावरून पिंप आणल्यावर एक दिवस-रात्र हलवू नये. गाळ बसायला तेवढा वेळ लागतो.

तर लहान बाटल्या कुठून आणायच्या? त्याच औषधाच्या रिकाम्या झालेल्या लहान बाटल्या जपून ठेवा, त्या सगळ्यांत चांगल्या. नाहीतर इंजिन ऑइलच्या अर्धा-एक लिटरच्या जाड बाटल्या घ्या. त्या पूर्ण निथळवा, उलट्या करून दोन दिवस ठेवा, पाण्यानं धुवू नका. धुतल्या तर आत पाणी राहणारच. जुना कागद काढून टाका आणि नवी चिठ्ठी लावा. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'डिझेलचं औषध' लिहा, किती लिटरला किती घालायचं ते लिहा, भरल्याची तारीख लिहा. खाली लाल रंगात 'विष' लिहा. लिहिता-वाचता न येणारा माणूस घरात असेल तर लाल फुली मारा. चिठ्ठीवर पारदर्शक पट्टी चिकटवली की तेलकट हातानं अक्षरं पुसत नाहीत. बाटली गळ्यापर्यंत भरू नये, दोन बोटं मोकळं सोडावं.

मोठा कॅन कडी-कुलपाच्या कपाटात, पोरांच्या हातापलीकडं ठेवावा. फवारणीच्या औषधांच्या कपाटात नको. दोन्ही विषंच आहेत म्हणून एकत्र ठेवली, असं होतं आणि रात्रीच्या अंधारात एकाची बाटली दुसरीकडं जाते. कॅनचं बूच भरून झाल्याबरोबर लावावं. पेट चांगला घेणाऱ्या औषधांतलं द्रव्य उष्णतेला फार भितं, त्याच्या वासानं डोकंही दुखतं. ते उघड्यावर, वारा असेल तिथं मोजावं, बिडी-सिगारेट लांब ठेवून. गाडीच्या केबिनमध्ये साठा ठेवू नये. वैशाखात बंद केबिन भट्टीसारखी तापते. त्या फेरीला लागेल तेवढी एक बाटली न्यावी, बाकी घरी.

आता माप. इथं निम्मे लोक चुकतात.

बाटलीवर प्रमाण दोन तऱ्हेनं लिहिलेलं असतं. एकीवर लिहितात 'एकास हजार'. म्हणजे एक लिटर डिझेलला एक मिलिलिटर. शंभर लिटरला शंभर मिलिलिटर, पिंपभर दोनशे लिटरला दोनशे. 'एकास पाचशे' असेल तर त्याच्या दुप्पट, लिटरला दोन मिलिलिटर. दुसरीवर लिहितात 'पन्नास मिलिलिटर दोनशे लिटरला'. म्हणजे चार लिटर डिझेलला एक मिलिलिटर. हे प्रत्येक औषधाचं वेगळं. एक संपून दुसरं आणलं की जुनं प्रमाण विसरायचं आणि नवं वाचायचं. झाकणानं मोजू नका. एकाचं झाकण दहा मिलिलिटरचं असतं, दुसऱ्याचं पंचवीसचं. 'दोन झाकणं टाक' असं क्लीनरला सांगितलं की दोन झाकणांत किती गेलं ते देवालाच माहीत.

मोजायला खुणा असलेलं प्लास्टिकचं लहान माप घ्यावं आणि ते याच कामाला बांधून ठेवावं. फवारणीचं माप नको. त्यात राहिलेला औषधाचा अंश डिझेलमध्ये जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे इथलं तेल उद्या फवारणीच्या पंपात जाऊन पिकाची पानं करपवतं. स्वयंपाकघरातला चमचा-वाटी तर नकोच नको. मापाला तार बांधून कपाटात खिळ्याला अडकवलं की ते घरात फिरत नाही.

मग हिशेब कशाचा करायचा, टाकीचा की भरलेल्या डिझेलचा? समजा टाकी एकशेसाठ लिटरची आहे. निम्मी भरलेली आहे आणि त्यात मागच्या वेळी औषध घातलेलं आहे. आज ऐंशी लिटर भरणार. तर औषध ऐंशी लिटरचं घालायचं, एकशेसाठचं नाही. 'पन्नास दोनशेला' या प्रमाणानं ते वीस मिलिलिटर होतं. दर वेळी पूर्ण टाकीचं औषध घालत गेलं तर चार-पाच फेऱ्यांत टाकीतलं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. फवारणीत आपण शिकलोच आहोत, की औषध दुप्पट केल्यानं कीड दुप्पट मरत नाही, पान मात्र जळतं. तसंच इथं. जास्त झालेलं औषध नीट जळत नाही, त्याचा थर धरतो, आणि ज्या नोझल साफ करायला ते घातलं त्याच नोझल भरतात. शिवाय पैसे जातात ते वेगळे.

चुकून जास्त पडलंच तर उपाय सोपा आहे. पुढच्या एक-दोन भरण्यांना औषध न घालता नुसतं डिझेल भरावं, म्हणजे प्रमाण खाली येतं. पण पाचपट-दहापट पडलं असेल, तर गाडी चालवण्याआधी मिस्त्रीला विचारावं.

आधी औषध की आधी डिझेल? आधी औषध घालावं आणि मग त्यावर डिझेल सोडावं. पडणाऱ्या धारेनं ते ढवळलं जातं. भरलेल्या टाकीवर वरून औषध ओतलं तर ते एका जागी राहतं. पिंपाचंही तसंच, रिकाम्या पिंपात माप ओतावं आणि वर डिझेल भरावं. पिंपात औषध घातलं असेल, तर त्यावर खडूनं नव्हे, रंगानं लिहावं : औषध घातलं, अमुक तारीख. नाहीतर मालक पिंपात घालतो आणि तेच डिझेल टाकीत ओतताना ड्रायव्हर पुन्हा घालतो. ज्या घरी गाडी दोघं-तिघं चालवतात तिथं केबिनमध्ये पन्नास पानी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, किती लिटर भरलं, किती औषध, सही. एवढ्या चार-पाच रकान्यांनी बाटलीवरच्या जाहिरातीचीही परीक्षा होते. दोन महिने औषध घालून आणि दोन महिने न घालता, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालावर गाडी किती चालली ते वहीत दिसेल. फरक पडला नाही तर बाटलीचे पैसे फिल्टरला लावा. वेळेवर बदललेला चांगल्या प्रतीचा फिल्टर हे माझ्या मते डिझेलचं सर्वांत खात्रीचं औषध आहे.

ओतताना नरसाळ्याला बारीक जाळी असावी. धोतराचा तुकडा गाळणी म्हणून वापरू नये, त्याचे तंतू सुटतात आणि पाणी त्यातून आरामात खाली जातं. हाताला लागलं तर साबणानं धुवावं, डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडावं आणि डॉक्टरांना दाखवावं. सांडलं तर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून गोळा करावं. ती माती विहिरीकडं, ओढ्याकडं किंवा गुरांच्या गव्हाणीकडं टाकू नये. आणि एक सवय लावून घ्या. फेरीवरून आल्यावर रात्री टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रभर हवा असते, गारव्यानं त्या हवेतलं बाष्प टाकीच्या अंगाला दव धरतं आणि पहाटे तेच पाणी डिझेलखाली जाऊन बसतं.

जुन्या डिझेलचं काय करावं, असं एका बंधूंनी पत्रातून विचारलं आहे. त्यांच्या पिंपात दोन वर्षांपूर्वीचं साठएक लिटर डिझेल आहे. त्यांना सांगायचं ते असं. काचेच्या भांड्यात थोडं काढा आणि उन्हात धरून बघा. स्वच्छ, पारदर्शक असेल आणि वास नेहमीचा असेल, तर तळाचं चार बोटं सोडून वरचं काढा आणि नव्या डिझेलमध्ये थोडं थोडं मिसळून पंपसेटला वापरा, नव्या ट्रकला नको. गढूळ, काळपट असेल किंवा वार्निशासारखा आंबूस वास येत असेल, तर कुठल्याच इंजिनात घालू नका आणि कुठलंही औषध विकत घेऊन ते सुधारण्याच्या नादी लागू नका. शहरात वापरलेलं तेल घेणारे परवानाधारक असतात, त्यांच्याकडं द्या. पिंप रिकामं झाल्यावर नव्या डिझेलच्या चार-पाच लिटरांनी विसळून घ्या, ते विसळलेलं डिझेलही त्याच जुन्याबरोबर द्या, आणि मगच ते पिंप पुन्हा भरा.